चवळीतले भुंगे औषधाने मेले की आपोआप? वेखंड, कडुनिंब, एरंडेल यांचा जोर घरी कसा मोजायचा?

सुनंदा (गिरगाव)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला उत्तर देता येणार नाही.

मी गिरगावात चाळीत राहते आणि गेली नऊ वर्षं मोड आलेली कडधान्यं घरोघरी पोचवते. मटकी, मूग, चवळी, आणि श्रावणात सोललेले वाल. मे महिन्यात वर्षाचा माल भरते, गच्चीवर ऊन दाखवते आणि पत्र्याच्या डब्यांत माळ्यावर ठेवते. मटकी-मूग कसेबसे टिकतात. चवळी मात्र पाऊस सुरू झाला की हातची जाते. गेल्या पावसाळ्यात साडेसहा किलो फेकली. वरचे दाणे हाताला नेहमीसारखे लागले, पण मूठ घालून उचलले तर फोलासारखे हलके, प्रत्येकाला गोल भोक, आणि खाली पिठासारखा भुसा. त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाईकाच्या डब्यात भुंगा निघाला. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या सोमवारपासून त्यांनी चवळी घेणं बंद केलं.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मी घरात आणणार नाही. एक तर दोन खोल्यांचं घर, आणि शिवाय हे लोकांच्या पोटात जायचं आहे. म्हणून झाडपाल्याचे उपाय करून बघायचं ठरवलं. सासूबाई म्हणतात कडुनिंबाचा पाला. काष्ठौषधीवाला म्हणतो वेखंड. माझी आई तूरडाळीला एरंडेल चोळायची.

लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीत पाव किलो चांगली चवळी घातली. एकीत मूठभर वाळलेला कडुनिंबाचा पाला, दुसरीत चमचाभर वेखंडाची पूड, तिसरीत लहान चमचा एरंडेल चोळून. चौथीत काहीच नाही. किडलेल्या डब्यातून मुलीच्या रंगकामाच्या ब्रशने भुंगे उचलून प्रत्येकीत वीस-वीस सोडले. तोंडाला मलमलचा तुकडा, वर रबरबँड.

बाराव्या दिवशी उघडलं तर चारही बरण्यांत वीसच्या वीस मेलेले. काहीच न घातलेल्या बरणीतसुद्धा!

सासूबाई म्हणाल्या, बघ, पाल्याने मेले. पण मग साध्या बरणीतले कोणी मारले? आता कोणत्या औषधात किती दम आहे हे कळायचं कसं? पुढच्या मे महिन्यात वीस किलो चवळी भरायची आहे, अंदाजाने नको वाटतं.

उर्मिला (गोरेगाव)

सुनंदाताई, एवढा खटाटोप करण्यापेक्षा चवळी चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा. अंडी, अळ्या सगळं मरतं. मी दोन किलोच्या पिशव्या करून ठेवते, वर्षभर काही होत नाही.

सुनंदा (गिरगाव)

उर्मिलाताई, उपाय चांगला आहे, पण माझ्याकडे एका दाराचा फ्रीज आहे आणि त्यात रोजचे मोड असतात. वीस किलो त्यात मावणार नाहीत.

प्रभाकर (भांडुप)

सुनंदाताई, तुम्ही साधी बरणी ठेवलीत हे फार मोठं काम केलंत. ती नसती तर तिन्ही औषधं शंभर टक्के गुणकारी म्हणून तुम्ही इथे लिहिलं असतंत आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं असतं.

मी एका कीटकनाशक कंपनीत एकतीस वर्षं जैवचाचणी विभागात होतो. किडे वाढवायचे, औषध द्यायचं, किती मेले ते मोजायचं, हेच काम. कंपनीचं नाव इथे नको. शेवटची आठ-नऊ वर्षं निंबोळी, करंज, सीताफळाच्या बिया असेच नमुने जास्त यायचे, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुमच्या साध्या बरणीतले भुंगे म्हातारे होऊन मेले. चवळीचा भुंगा दाण्यातून बाहेर पडल्यावर त्याला खाण्याची गरज नसते. अळी असताना आत जे खाल्लं त्या शिदोरीवर तो दहा-बारा दिवस काढतो. तेवढ्यात जोडी जमते, मादी दाण्यांवर अंडी चिकटवते, आणि आयुष्य संपतं. तुम्ही उचललेत तेव्हाच त्यातले काही आठवड्याचे असतील. त्यात तुम्ही मोजलंत बाराव्या दिवशी. तोपर्यंत औषध असो नसो, सगळे जाणारच होते.

म्हणून पहिली गोष्ट एका वयाचे भुंगे. किडलेली चवळी चाळून त्यातले सगळे भुंगे काढून टाका. नुसते दाणे बरणीत मलमल बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जेवढे नवे बाहेर आलेले दिसतील ते सगळे चोवीस तासांच्या आतले. चाचणीला तेच घ्यायचे. नर-मादी सारखे हवेत. तुमचे भुंगे लालसर तपकिरी असतील तर बहुधा कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस ही जात असेल, आणि तिच्यात ओळख सोपी आहे. भिंगाखाली बघा, नराच्या मिशा कंगव्यासारख्या फुटलेल्या असतात, मादीच्या नुसत्या दातेरी. पाच जोड्या एका बरणीला पुरेत.

दुसरी गोष्ट, प्रत्येक औषधाच्या निदान तीन बरण्या. एकाच बरणीवर विश्वास ठेवू नका. एखादी खिडकीजवळ राहते, एखादीत दाणे ओलसर असतात, आणि आपण त्याचं श्रेय औषधाला देतो.

माप चमच्याने घेऊ नका. लहान डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. एरंडेलासाठी सुई नसलेली सिरिंज घ्या. किलोला पाच मिली हे तेलाचं नेहमीचं प्रमाण. म्हणजे पाव किलो चवळीला सव्वा मिली. ते एकदम चोळा, दाणा न् दाणा चकाकेपर्यंत, आणि मग त्यातून पन्नास-पन्नास ग्रॅमच्या तीन बरण्या भरा. पन्नास ग्रॅमला वेगळं तेल मोजायला गेलात तर चूक होणार. वेखंड पन्नास ग्रॅमला अर्धा ग्रॅम. साधी चवळीसुद्धा तशीच हाताने चोळून घ्या, फक्त तेलाशिवाय, म्हणजे चोळण्याचा परिणाम वेगळा काढता येईल.

वेखंडाच्या बरण्या वेगळ्या कपाटात ठेवा, शक्य तर वेगळ्या खोलीत. वेखंडातलं तेल उडणारं आहे आणि मलमल वास अडवत नाही. शेजारच्या साध्या बरणीतल्या भुंग्यांनाही तो लागेल आणि तुमची तुलनाच बिघडेल.

बरण्या धुण्याची एक गोष्ट सांगतो, कारण ती मला महागात पडली आहे. १९९४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे करंज तेलाची चाचणी चालू होती आणि साध्या बरण्यांतले किडे दुसऱ्याच दिवशी पटापट पडायला लागले. दाणे बदलले, किडे बदलले, खोलीचं तापमान बदललं. तीन आठवडे वाया गेले. शेवटी कळलं की नव्या मदतनिसाने बरण्या शेजारच्या मोरीत धुतल्या होत्या, आणि तिथे सिंथेटिक पायरेथ्रॉइडची, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या कीटकनाशकाची, भांडी विसळली जायची. काचेला डोळ्यांना दिसणार नाही एवढा लेप राहिला होता. तेव्हापासून चाचणीच्या बरण्या मी स्वतः धुवायचो. तुम्हीही नव्या किंवा फक्त खाण्याच्या वापरातल्या बरण्या घ्या आणि गरम पाण्याने विसळून उन्हात सुकवा. घरात झुरळांचं औषध फवारलं असेल तर त्या आठवड्यात चाचणी लावू नका.

आता मोजायचं कसं. तिसऱ्या दिवशी मोजा. मेला म्हणजे काय हे आधी ठरवा. हे भुंगे धक्का लागला की पाय आखडून पडून राहतात, मेल्याचं सोंग घेतात. बरणी पांढऱ्या कागदावर हलकेच रिकामी करा, पाच मिनिटं काही करू नका, मग ब्रशच्या एका केसाने पायाला स्पर्श करा. हलला तर जिवंत. पाठीवर पडून पाय झाडणारा पण उलटा होऊ न शकणारा असेल तर त्याची नोंद वेगळी करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. काही वनस्पतींची औषधं किड्याला नुसती पाडतात. पायरेथ्रमच्या, म्हणजे शेवंतीच्या जातीतल्या एका झाडाच्या, फुलांचं उदाहरण घ्या. डास, माशा क्षणात खाली येतात, पण मात्रा कमी असेल तर त्यातले बरेच काही तासांनी उठून उडतात. पाडणं आणि मारणं या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या गोष्टी आहेत.

साध्या बरणीत जे मेले त्यांची वजावट करायची. त्याचं सूत्र अॅबट या कीटकशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये दिलं आणि जगभर आजही तेच वापरतात. औषधाच्या बरणीतल्या मृत्यूंच्या टक्क्यांतून साध्या बरणीतले टक्के वजा करा. आलेल्या आकड्याला, शंभरातून साध्या बरणीचे टक्के वजा करून जे उरतं त्याने भागा, आणि शंभराने गुणा. समजा औषधात ८० टक्के मेले आणि साध्यात २०. ८० वजा २० म्हणजे ६०. शंभर वजा २० म्हणजे ८०. ६० भागिले ८० गुणिले १००, उत्तर ७५. औषधाचा खरा जोर पंचाहत्तर टक्के. तुमच्या पहिल्या चाचणीत साध्यातच शंभर टक्के मेले, त्यामुळे भागायला खाली शून्य उरतं. गणितच सांगतं की त्या चाचणीतून काही निघत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मेलेले भुंगे मोजून थांबू नका. तुमची चवळी मोठा भुंगा खातच नाही, त्याची पिल्लं खातात. सातव्या दिवशी सगळे मोठे भुंगे, मेलेले-जिवंत, काढून टाका. दाण्यांवरची अंडी मोजा. मग बरण्या तशाच ठेवा. मुंबईच्या हवेत साधारण पंचवीस ते तीस दिवसांत नवी पिढी बाहेर येते. रोज येतील तेवढे मोजून काढत जा, चाळिसाव्या दिवसापर्यंत. त्यापुढे नको, नाहीतर नातवंडं मिसळतील.

अंडं ओळखायला शिका. दाण्यावर मोहरीहून बारीक, चपटा, चकचकीत ठिपका चिकटलेला असतो. आरपार दिसणारा असेल तर अजून उबलेला नाही किंवा मेलेला आहे. दुधासारखा पांढरा झाला की समजा अळी आत शिरली, कारण दाणा पोखरताना निघालेला भुसा ती मागे अंड्याच्या टरफलात भरत जाते. पांढरे ठिपके मोजलेत तरी पुढचं चित्र आधीच कळेल.

शेवटचं. बरण्यांवर औषधाचं नाव लिहू नका. मुलीला सांगा तिने अ, ब, क, ड अशा चिठ्ठ्या लावाव्यात आणि यादी स्वतःकडे ठेवावी. आईचा उपाय कोणता हे माहीत असलं की हात त्या बाजूला झुकतो. माझाही झुकायचा.

रोहिणी (मालाड)

काका, मध्येच विचारते, विषय थोडा वेगळा आहे. माझ्या गॅलरीत जास्वंदाच्या शेंड्यांना पिठ्या ढेकूण लागतो, कापसासारखा पांढरा. दुकानातून कडुनिंबाचं औषध आणलं, लेबलवर १५०० पीपीएम लिहिलंय. सांगितल्याप्रमाणे फवारलं, दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळे जागच्या जागी. बाटली भेसळीची आहे का?

प्रभाकर (भांडुप)

रोहिणीताई, एका दिवसात निकाल लावू नका. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १५०० पीपीएम म्हणजे कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य ०.१५ टक्के. हे द्रव्य किड्याला तडकाफडकी मारत नाही. एक तर त्याची खाण्याची इच्छा मारतं, आणि दुसरं म्हणजे कात टाकण्यासाठी शरीरात जे संप्रेरक लागतं त्यात अडथळा आणतं. पिल्लू कात टाकायच्या वेळी अडकतं आणि मरतं. त्याला दिवस लागतात. म्हणून कडुनिंबाची चाचणी चोवीस तासांची लावणं हा त्या झाडावर अन्याय आहे. सात दिवस, दहा दिवस थांबा, आणि मोठ्या माद्यांऐवजी बारीक पिल्लांवर नजर ठेवा.

या द्रव्याचा शोधच मुळी मेलेले किडे मोजून लागलेला नाही. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सगळं हिरवं फस्त झालं पण कडुनिंबाची झाडं शाबूत आहेत. पुढे इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी टोळ कशामुळे खाणं थांबवतात ते तपासत तपासत १९६८ मध्ये अझाडिरॅक्टिन वेगळं काढलं. त्यांनी मेलेल्यांपेक्षा न खाणाऱ्यांकडे बघितलं म्हणून ते सापडलं. रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची की ती पक्की व्हायला १९८५ उजाडलं आणि प्रयोगशाळेत तो बनवायला २००७.

आता तुमची चाचणी. जास्वंदाच्या तीन फांद्या निवडा, दोरे बांधून खुणा करा, प्रत्येकीवरचे ढेकूण मोजून वहीत लिहा. एकीवर औषध आणि साबण घातलेलं पाणी, दुसरीवर तेवढ्याच साबणाचं नुसतं पाणी, तिसरीवर साधं पाणी. हा मधला साबणाचा प्रयोग लोक गाळतात आणि तिथेच फसतात. मऊ अंगाच्या किड्याला साबणच बऱ्यापैकी मारतो. घरच्या फवाऱ्यात साबणाचा वाटा किती आणि निंबाचा किती, हे त्या मधल्या फांदीशिवाय कळणार नाही.

फवारणी संध्याकाळी करा, कारण अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विरतं. पाणी मिसळल्यावर त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवू नका. बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवली असेल तर मात्र औषध खरंच कमजोर झालेलं असू शकतं.

साहिल (विक्रोळी)

सर, मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. प्रकल्पासाठी सीताफळाच्या बियांचा अर्क डासांच्या अळ्यांवर करून बघायचा आहे. अर्क अल्कोहोलमध्ये काढलाय. घरी बादलीत अळ्या वाढवल्या तर चालेल का? आणि किती अळ्या लागतील?

प्रभाकर (भांडुप)

साहिल, घरी डास वाढवू नकोस. एक जाळी उसवली की पूर्ण मजल्याला डेंग्यूचा धोका. मुंबईत साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या की महापालिका नोटीस देते ती उगाच नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, झाकलेल्या पिंजऱ्यात, मार्गदर्शकांच्या देखरेखीखालीच कर. प्रयोग संपल्यावर अळ्या उकळत्या पाण्यात घालून मगच ओत.

पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली आहे, तीच पाळ. एका पेल्यात तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेतल्या पंचवीस अळ्या, प्रत्येक मात्रेला चार पेले, चोवीस तासांनी मोजणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जाण्यासाठी ते आदल्या दिवशी उघडं ठेव. तुझा अर्क अल्कोहोलमध्ये आहे, म्हणून तुलनेच्या पेल्यांत तेवढंच अल्कोहोल घालायचं, नुसतं पाणी नाही. तुलनेच्या पेल्यात पाच ते वीस टक्के अळ्या मेल्या तर अॅबटच्या सूत्राने वजावट कर. वीस टक्क्यांच्या वर गेल्या तर ती फेरी रद्द, पुन्हा लाव. ज्या अळ्या टोचल्यावर हलतात पण पृष्ठभागापर्यंत येऊ शकत नाहीत त्या मेलेल्यांतच धर.

मात्रा एकच ठेवू नकोस. दुपटीने चढत जा, म्हणजे १०, २०, ४०, ८० पीपीएम अशा. ज्या मात्रेला निम्म्या अळ्या मरतात तिला एलसी-५० म्हणतात. दोन झाडांच्या अर्कांची तुलना करायची ती या आकड्यावर. सगळ्या मरतात ती मात्रा मोठी दिसते, पण तिच्यावरून काहीच कळत नाही, कारण तिच्या दुप्पट मात्रेलाही सगळ्याच मरतात.

आणि सीताफळाच्या बिया कुटताना चष्मा लाव. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी डोक्याला लावताना डोळे बिघडल्याच्या केसेस डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगल्या माहीत आहेत. वनस्पतीचं आहे म्हणून निरुपद्रवी असं समजू नकोस. तंबाखूतलं निकोटिन हेसुद्धा वनस्पतीचंच आहे, आणि ते माणसालाही मारतं.

नीलिमा (दादर)

प्रभाकरकाकांनी शेवटी जे लिहिलंय तेच सुनंदाताईंना सांगायचं आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, आणि भुंग्यांवर जे काम करतं ते मुख्यतः तेच. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यामुळे गाठी झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. बाळाला वेखंड उगाळून लावणं वेगळं, आणि किलो-किलो धान्यात पूड मिसळून विकणं वेगळं. चाचणीसाठी वापरा, पण ती चवळी गिऱ्हाइकाला देऊ नका. वापरायचंच झालं तर अख्खे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, पूड दाण्यांना लागू देऊ नका.

सुनंदा (गिरगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. नीलिमाताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. चाचणीतली सगळी चवळी टाकून देईन.

प्रभाकरकाका, उद्यापासून लागते. बारा बरण्या जमवल्या आहेत, मुलगी चिठ्ठ्या लावणार आहे. वेखंडाच्या तीन बरण्या शेजारच्या काकूंच्या खोलीत ठेवते.

सुनंदा (गिरगाव)

सव्वा महिन्याहून जास्त झाला. आज शेवटची मोजणी केली आणि मुलीने यादी उघडली, म्हणून लिहायला बसले.

प्रत्येक औषधाच्या तीन बरण्या, प्रत्येकीत दहा भुंगे, म्हणजे एकूण तीस-तीस. तिसऱ्या दिवशी साध्या चवळीत एक मेलेला. कडुनिंबाच्या पाल्यात दोन. एरंडेलात नऊ. वेखंडात तेरा. काका, तुमच्या सूत्राने करून बघितलं. वेखंड एक्केचाळीस टक्क्यांच्या जरा वर, एरंडेल अठ्ठावीसच्या जरा खाली, पाला साडेतीनच्या आसपास. त्या रात्री मी अगदी हिरमुसले. चिठ्ठ्या उघडल्या नव्हत्या, त्यामुळे कुठलं कुठलं ते कळत नव्हतं, पण एकही बरणी निम्म्यावर गेली नव्हती एवढं दिसत होतं. म्हटलं, संपलं, वीस किलो चवळी भरण्यात अर्थ नाही.

सातव्या दिवशी मोठे भुंगे काढले आणि दुपारी गॅलरीत उजेडाला बसून अंडी बघितली. भिंग मुलीच्या कंपासपेटीतलं. साध्या बरणीतल्या एका एका दाण्यावर दोन-दोन, तीन-तीन ठिपके, काहीतर नुसते पांढरे फटक. क चिठ्ठीच्या बरणीतही ठिपके होते, कमी, पण होते. फक्त ते पांढरे होत नव्हते. पुन्हा दोन दिवसांनी बघितलं, तरी तसेच, काचेसारखे. बोटाने चोळलं तर काही निघून आले. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इथे काहीतरी घडतंय.

मग वाट बघितली. चोविसाव्या दिवशी साध्या बरणीत पहिला नवा भुंगा दिसला, त्यानंतर रोज सकाळी मोड बांधायच्या आधी मोजणी. चाळीस दिवसांचा हिशेब असा:

साधी चवळी, तीन बरण्या मिळून ४१२ नवे भुंगे.
कडुनिंबाचा पाला, ३७१.
वेखंड, ५८.
क चिठ्ठी, ६.

क म्हणजे एरंडेल. मुलीने यादी वाचली तेव्हा मला आई डोळ्यांसमोर आली, परातीत तूरडाळ घेऊन दोन्ही हातांनी तेल चोळत बसलेली.

सासूबाईंना मी पाल्याच्या आणि साध्या चवळीच्या बरण्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. दोन्हीत तसाच भुसा, तशीच भोकं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, आमच्या घरी पाला घालायचे तेव्हा धान्य दर पंधरा दिवसांनी ऊनही दाखवायचे. म्हणजे काम ऊन करत असेल.

प्रभाकर (भांडुप)

सुनंदाताई, तुमचा हिशेब दोनदा वाचला. साध्या बरणीत तिसऱ्या दिवशी तीसपैकी फक्त एक मेलेला, म्हणजे भुंगे ताजे होते आणि बरण्या स्वच्छ होत्या. आमच्या विभागात अशी नोंद आली असती तर मी सही केली असती.

नव्या पिढीचा हिशेब असा मांडतात: ४१२ मधून ६ वजा, भागिले ४१२. एरंडेलाने साडेअठ्ठ्याण्णव टक्के पिढी रोखली. वेखंडाने शहाऐंशी, पाल्याने दहा. मेलेल्यांच्या मोजणीत वेखंड पुढे होतं आणि एरंडेल मागे. तेल मोठ्या भुंग्याला फारसं मारत नाही, पण अंड्यावर आणि दाण्यावर थर बसतो आणि आतल्या जिवाला हवा मिळत नाही. तुम्ही बघितलेले काचेसारखे ठिपके तेच.

सासूबाईंचं म्हणणं सोडून देऊ नका. पाल्याची दहा टक्के घट खरी की तीन बरण्यांतला योगायोग हे एवढ्यावरून ठरत नाही, पण उन्हाचं तपासता येईल. दोन गोष्टी अजून बघायला हव्यात. एक, तेल लावलेल्या चवळीला मोड येतात का, कारण तुमचं पोट त्यावर आहे. दोन, थर किती महिने टिकतो. मे महिन्यात चोळलेलं तेल ऑगस्टमध्ये काम करतं का, हे बघायला आत्ताची एरंडेल लावलेली चवळी थोडी राखून ठेवा आणि दर महिन्याला त्यात पाच ताज्या जोड्या सोडा.

सुनंदा (गिरगाव)

काका, मोडाचं कालच बघितलं. शंभर दाणे साधे आणि शंभर एरंडेलाचे, दोन्ही कोमट पाण्याने चोळून धुतले, रात्रभर भिजवले, मलमलीत बांधले. साध्याचे ९६ फुटले, एरंडेलाचे ९४. मोड तेवढेच लांब. वास अजिबात नाही, शेजारच्या काकूंना न सांगता उसळ दिली, त्यांनी वाटी पुसून परत केली.

एरंडेलाची दीड पाव चवळी डब्यात राखून ठेवली आहे. पहिल्या पाच जोड्या येत्या रविवारी सोडते. उन्हाच्या बरण्यांसाठी सासूबाईंनी गच्चीची किल्ली मागून घेतली आहे, त्या स्वतः मोजणार म्हणतात.